पालथा हात

“एक हात पाठीमागे ठेवायचा. दुसरा पालथा करून पुढे न्यायचा. तळवा कधी लावायचा नाही, पोरी. तळव्यानं तू त्याला धरलंस की मग ते तुला धरतं, आणि सोडत नाही.”

अंकल फ्रँकचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळच्या मिसा-प्रार्थनेआधी चर्चचा ऑर्गन सुरू करताना येतो, कधी नुसता किटलीचा प्लग लावतानाही येतो. माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या मुळाशी, एक पांढरी खूण आहे, मसुराच्या दाण्याएवढी. ऑर्गन शिकायला येणारी मुलं विचारतात, “मिस, हे काय?” मी म्हणते, “मी बँडमध्ये होते ना, तेव्हाचं.” ती एकमेकांकडे बघून हसतात. गुडघ्याखाली स्कर्ट, खिशात जपमाळ, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही; ही बाई कुठल्या बँडमध्ये असणार?

पण होते. आमचा बँड दोन वर्षंही टिकला नाही आणि त्याची एकच तबकडी निघाली, म्हणून कुणाला आठवत नाही एवढंच.

तेव्हा इंग्लंडात, आमच्या प्रेस्टनमध्ये, गुरुवारी दुपारी दुकानं बंद व्हायची. डेरेक हॉथरसॉल बुटांच्या दुकानात होता, त्याला ती अर्धी सुट्टी मिळे. लॉर्ना बँबर बेकरीत होती, तिलाही मिळे. क्लाइव्ह रिग्बीला रोजच सुट्टी, कारण त्याची गिरणी बंद पडली होती. म्हणून सराव गुरुवारी, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, आणि दुकानांच्या दारावर जी पाटी लागते तीच उचलून बँडचं नाव ‘अर्ली क्लोजिंग’. लॉर्ना म्हणायची, “नावातच लिहिलंय, लवकर बंद होणार. नंतर कुणी तक्रार करायची नाही.”

मी त्यांच्यात आले ती ऑर्गनमुळे. हॉलमध्ये एक जुना इटालियन विजेचा ऑर्गन पडून होता. त्याचा आवाज डास कानाशी यावा तसा बारीक आणि रडका. मी त्यावर रविवारची भजनं बसवत होते, तेव्हा डेरेक दारात येऊन उभा राहिला. उंच, हाडकुळा, बुटांच्या दुकानाचा टाय अजून गळ्यात.

“हा आवाज!” तो म्हणाला. “असला आजारी आवाज मी सहा महिने शोधतोय. तू आमच्यात ये.”

“मी रविवारी वाजवणार नाही,” मी म्हटलं. “शुक्रवारी मांस खाणार नाही. आणि संध्याकाळची माळ चुकवणार नाही, कार्यक्रम असो वा नसो.”

“सिस्टर, तू व्हॅनमध्ये बसून हवी तेवढी माळ ओढ. फक्त तो ऑर्गन आण.”

तेव्हापासून मी सगळ्यांची ‘सिस्टर’ झाले. मी काही नन नव्हते. पण मला त्या नावाचं वाईट वाटलं नाही.

पंक संगीतवाल्यांची आदळआपट तोवर ओसरली होती. त्यांच्यामागून आलेली आमच्यासारखी पोरं आखडून, टोकदार, घड्याळाच्या काट्यांसारखी वाजवायची. त्याला न्यू वेव्ह म्हणत. पंकवाल्यांची एक सवय मात्र मागे राहिली होती. गाणं आवडलं की पुढच्या रांगेतले लोक गाणाऱ्यावर थुंकायचे. हो, आवडलं की. पहिल्या कार्यक्रमानंतर डेरेकच्या शर्टाकडे बघून मला मळमळून आलं, आणि तो आनंदानं म्हणाला, “बघितलंस? डोक्यावर घेतलं त्यांनी!”

डेरेकचा अँप्लिफायर जुना होता. तो लावला की गाणं नसतानाही त्यातून एक घूं असा आवाज यायचा. क्लाइव्हनं एका गुरुवारी त्याचा प्लग उघडला, अर्थिंगची, भलतीकडे गेलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी-पिवळी वायर कात्रीनं कापली आणि प्लग पुन्हा बंद केला. घूं थांबलं.

“झालं. सगळे असंच करतात,” तो म्हणाला.

खरंच सगळे तसंच करायचे. कुठल्याही बँडचा प्लग उघडला असता तर त्यात दोनच वायरी सापडल्या असत्या.

अ‍ॅक्रिंग्टनच्या क्लबात ते पहिल्यांदा घडलं. चौथं गाणं चालू होतं. डेरेकचे केस, हनुवटी, गिटार, सगळं थुंकीनं ओलं. तो ओळ म्हणायला पुढे वाकला, ओठ माईकच्या जाळीला लागले आणि त्याचं अंग एकदम ताठ झालं. मान मागे गेली. कोपर दोनदा बरगडीवर आपटलं. गुडघे आत वळले, आणि तो मागे ढोलांवर जाऊन पडला.

मी ऑर्गनवरून हात काढले. आणि समोरचा सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

त्यांना तो नाच वाटला होता. त्या दिवसांत गाणारे तसेच झटके देऊन नाचायचे, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखे. लोक ओरडत होते, “पुन्हा! पुन्हा!” डेरेक ढोलांतून उठला. ओठ पांढरा पडला होता. त्यानं समोर बघितलं, टाळ्या ऐकल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून मला शॉकपेक्षा जास्त भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात एका संगीताच्या साप्ताहिकात आमच्यावर चार ओळी आल्या, त्यातल्या दोन त्या झटक्यावर. मग काय विचारता! डेरेकनं तो झटका पाठ केला. आरशासमोर बसवला. तसाच ताठ होणं, मान, कोपर दोनदा, गुडघे आत. आता प्रत्येक कार्यक्रमात, त्याच गाण्यात, तो लोकांना तो काढून दाखवायचा आणि लोक त्याचीच वाट बघत उभे राहायचे.

मी ऑर्गनमागे बसून त्याच्या पाठीकडे बघायची. तो ताठ झाला की मी मोजायला लागायची. हा खोटा, की खरा? खोट्या झटक्यात तो तीन मोजेपर्यंत सरळ व्हायचा. एक, दोन, तीन. तेवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य जायचं. आणि मला कळून चुकलं होतं की ज्या दिवशी खरा बसेल, त्या दिवशीही लोक टाळ्याच वाजवतील. तो मरत असेल आणि हॉल ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत असेल.

डेरेकचे वडील, अंकल फ्रँक, गिरणीत वायरमन होते. आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेली होती आणि त्या हिवाळ्यात ते पुढच्या खोलीतल्या पलंगावरून उठेनासे झाले होते. आई डेरेक लहान असतानाच गेली होती. आम्ही तिथे जमायचो ते त्यांची करमणूक म्हणून.

“बाबा, हे बघा,” एका शुक्रवारी डेरेक म्हणाला. “हे मी करतो आणि लोक वेडे होतात.” पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्यानं झटका काढून दाखवला. लॉर्ना हसली. क्लाइव्हनं टेबलावर ताल धरला.

अंकल फ्रँक हसले नाहीत.

“हे कुठं शिकलास?”

“स्टेजवर.”

“हे कुणी शिकत नाही.” ते श्वास घ्यायला थांबले. “गिरणीत मी एकाला असं करताना पाहिलंय. कोपर असंच. आम्हाला वाटलं, चहाच्या सुट्टीत सोंग करतोय. आम्हीसुद्धा हसलो.”

क्लाइव्हनं टेबलावरचा हात उचलला.

“मग?” त्यानं विचारलं.

“मग काय. तो सोंग करत नव्हता.”

“बाबा, तुम्ही पण ना!” डेरेक म्हणाला. “मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्याशिवाय तुम्हाला चहा उतरत नाही. चला रे, चिप्स आणू. सिस्टर, तुला काय? शुक्रवार आहे.”

“बटाटा-कांद्याची पाय पेस्ट्री,” मी म्हटलं.

तिघं गेले. दार लागताच अंकल फ्रँकनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“त्याचा अँप्लिफायर इथं आहे ना, जिन्याखाली? प्लग आण. माझी हत्यारांची पेटी पण.”

मी आणलं. पलंगावर टेकून बसून त्यांनी प्लग उघडला. कापलेली वायर पाहून त्यांनी एकच शिवी दिली आणि लगेच म्हणाले, “माफ कर, पोरी.” मी दिवा धरला. त्यांनी वायर सोलली, जागेवर बसवली, स्क्रू आवळला. मग पेटीतून टेस्टर काढला. पिवळी मूठ, आत बारीक बल्ब. मूठ त्यांच्या अंगठ्यानं इतक्या वर्षांत गुळगुळीत झाली होती.

“हे टोक गिटारच्या तारेला लावायचं. मागे अंगठा. आत लाल उजेड दिसला की त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. मग माईकलाही लावून बघायचं. प्रत्येक वेळी, तो हात लावायच्या आधी. आणि कधी हे जवळ नसलं, दुसरं काहीच नसलं, तर पालथा हात. पण ते अगदी शेवटचं.” आणि मग ते सगळं सांगितलं, एक हात पाठीमागे, तळवा नाही. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो पालथा कसा न्यायचा ते करवून घेतलं. “शॉक बसला की हात मिटतो. पालथा असला तर मिटताना मागे येतो. आणि रबरी बूट घालून नको. रबर असलं की तुला काही कळणार नाही, आणि वाटेल सगळं ठीक आहे.”

“अंकल फ्रँक, हे तुम्ही डेरेकलाच सांगा ना.”

“तो ऐकणार नाही. क्लाइव्हला सांगितलं तर तो हो म्हणेल आणि विसरेल. लॉर्ना हुशार आहे, पण ती चिडली की निघून जाते.” ते जरा हसले. “तुझ्या देवाशी माझं बरेच दिवस बोलणं नाही. पण तू त्याला रोज वेळेवर भेटतेस. पाऊस असो, ताप असो. जी पोरगी माळ चुकवत नाही ती हेही चुकवणार नाही. देशील शब्द?”

मी टेस्टर मुठीत धरला आणि शब्द दिला.

पुढच्या सरावाआधीच ते गेले, ईस्टरआधीच्या उपवासाच्या, लेंटच्या दिवसांत. डेरेक दफनाच्या वेळी रडला नाही. पण घरी आल्यावर त्यानं जिन्याखालचा अँप्लिफायर लावला, आणि घूं ऐकून त्यानं प्लग उघडून बघितला. ती वायर त्यानं पुन्हा कापली नाही, कुणाला कापूही दिली नाही. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक गाण्याच्या मागे घूं असायचं. मला त्या आवाजानं धीर यायचा. तो चालू आहे म्हणजे वायर जागेवर आहे. अंकल फ्रँक कोपऱ्यात बसून श्वास घेताहेत असं वाटायचं.

मी माळेबरोबर तेही व्रत धरलं. व्हॅनमध्ये माळ पूर्ण करायची, मग स्टेजवर जायचं, तारा, माईक, माईकचा दांडा, सगळ्यांना टेस्टर लावायचा. दुसऱ्या बँडवाले हसायचे. “ही काय, मंतरतेय का?” क्लाइव्ह उत्तर द्यायचा, “आमची सिस्टर भुतं काढते. तुमच्यात असतील तर सांगा, एका पाइंट बिअरमध्ये काढून देईल.”

भुतं निघत मात्र नव्हती. डेरेकचा झटका चालूच होता. मी सगळं तपासलेलं असायचं, तरी तो ताठ झाला की मी मोजायची. एक, दोन, तीन. माळेतल्या प्रत्येक मण्याला आपण देवमातेला विनवतो, आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी प्रार्थना कर. इतकी वर्षं मी ते पाठ म्हटल्यासारखं म्हणत होते. त्या वर्षी मला त्याचा अर्थ कळला.

एकदा व्हॅनमध्ये मी त्याला म्हटलं, “डेरेक, तो झटका सोडून दे. मला भीती वाटते.”

“तीच तर मजा आहे,” तो म्हणाला. “तुला वाटते, लोकांनाही वाटते. नाहीतर माझ्याकडे कोण बघणार, सिस्टर? बूट विकणाऱ्याकडे?”

मी खिशातून माळ काढली.

तबकडी उन्हाळ्यात निघाली. रेडिओवर दोनदा लागली. मग काही नाही. लॉर्नाला बेकरीत बढती मिळत होती आणि शरद ऋतूपर्यंत ती उघड म्हणायला लागली, “मला आता पुढच्या रांगेचा वास सहन होत नाही.” तेवढ्यात लंडनच्या एका कंपनीनं निरोप पाठवला: मोरकमला तुमचा कार्यक्रम आहे, आमचा माणूस येतोय. फक्त तबकडीवर तो जो घूं ऐकू येतो, तो नको.

मोरकमचा हॉल समुद्राला लागून होता. नोव्हेंबर होता आणि भिंतींना हात लावला तर ओल लागत होती. आमच्यानंतर स्टॉकपोर्टचा एक मोठा बँड होता. मी माळ पूर्ण केली, तारांना टेस्टर लावला, माईकला लावला. लाल उजेड नाही. अँप्लिफायर घूं करत होता. मी नाकाला बोचणारी हवा आत घेतली आणि ऑर्गनवर बसले.

तिसऱ्या गाण्यात अँप्लिफायर फट्ट झाला. धूर आला आणि घूं थांबलं.

पडदा ओढला गेला. पलीकडे लोक पाय आपटायला लागले. डेरेक पांढराफटक झाला होता. “आज? आजच?” तो अँप्लिफायरला लाथ मारणार होता, पण वडिलांनी जोडलेल्या प्लगकडे त्याची नजर गेली आणि पाय थांबला.

स्टॉकपोर्टवाल्यांचा गायक भला माणूस होता, गोल चेहऱ्याचा. “आमचा वापरा,” तो म्हणाला. “माईकही आमचाच घ्या, म्हणजे सगळं एका जागी.” त्यांच्या माणसानं भराभर सगळं आणून लावलं. डेरेकनं गिटार जोडली, तार छेडली. स्वच्छ, करकरीत आवाज. तारेवर हात ठेवून थांबवली तर पूर्ण शांतता.

“ऐका!” तो म्हणाला. “काहीच नाही. लंडनवाल्याला हेच हवंय.”

गिटार अँप्लिफायरला टेकवून तो टॉवेलनं तोंड पुसायला लागला. मीही ऐकत होते. काहीच नाही. घूं नाही म्हणजे वायर नाही.

त्यांच्या माईकवर जाड पिवळा स्पंज चढवलेला होता. डेरेकनं नाक मुरडून तो ओढून काढला. “शी! याला साऱ्या स्टॉकपोर्टची थुंकी लागलीय.”

मी उठून त्या गायकाकडे गेले. “तुमच्या प्लगमध्ये अर्थिंगची वायर आहे?”

“कुणाच्या असते, पोरी?”

“आणि माईकवर स्पंज कशाला?”

त्यानं खांदे उडवले. “अगं, कधीकधी चावतो तो. गिटार हातात असली की ओठाला. गुदगुल्याच म्हण ना. स्पंज असला की काही होत नाही.” मग त्याला हाक आली आणि तो गेला.

मी परत आले. टेस्टर गिटारच्या तारेला लावला, मागे अंगठा ठेवला. वरचे दिवे आता सगळे लावलेले होते, पांढरे, डोळ्यांवर येणारे. त्या उजेडात मूठ नुसती चमकत होती. आतला बल्ब लागलाय की नाही, दिसेना. मी दुसऱ्या हाताची ओंजळ करून सावली केली. तरी दिसेना. क्लाइव्हला म्हटलं, दिवे घालवायला सांग. तो म्हणाला, दिवेवाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला, गर्दीच्या पार.

“लागला का दिवा?” डेरेकनं टॉवेलमधून विचारलं.

“दिसत नाही.”

“मग नाही लागला.”

“डेरेक, त्यांचा गायक म्हणाला, तो चावतो. स्पंज त्यासाठीच होता. आणि तू भिजलेला आहेस.” माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघत होता. पाय आपटण्याच्या आवाजात तो कुणालाही ऐकू गेला नसता. “प्लग काढूया. अंकल फ्रँकनी—”

“बाबांचं नाव घेऊ नकोस!” तो ओरडला. लॉर्नानं मान वर केली. मग तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “तू प्लग काढलास तर मी परत लावीन. दहा वेळा काढलास तर दहा वेळा. पडद्यापलीकडे तो माणूस बसलाय, बर्नी. उद्या मला पुन्हा बूट विकायला जायचं नाहीये.” बर्नी हे माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. “करंट दाखव मला. डोळ्यांनी दाखव. दाखवलास तर गिटार खाली ठेवतो, लंडनवाला गेला खड्ड्यात. बाबांची शपथ. नाहीतर ऑर्गनवर जाऊन बस आणि मला गाऊ दे.”

“शपथ?”

“शपथ.”

पलीकडून ओरडा येत होता. त्यांना झटका हवा होता. पुढचं गाणं तेच होतं.

मी टेस्टर खिशात ठेवला, माळेशेजारी. मग ऑर्गनच्या स्टुलावर बसले. माझ्या बुटांचे तळ रबरी होते. मी दोन्ही बूट काढले आणि ऑर्गनखाली जोडीनं ठेवले. फळ्या बिअरनं आणि थुंकीनं चिंब होत्या. मोजे लगेच भिजले आणि गारवा घोट्यापर्यंत चढला.

“ही काय करतेय?” क्लाइव्हनं लॉर्नाला विचारलं.

“गप्प बस,” लॉर्ना म्हणाली.

गिटार अँप्लिफायरला टेकून उभी होती. पांढऱ्या उजेडात सहा तारा. कसलाही आवाज नाही. दात वाजू नयेत म्हणून मी ते घट्ट आवळले. डेरेकच्या हातातला टॉवेल खाली आला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मला तेवढंच हवं होतं.

डावा हात मी पाठीमागे नेला आणि तिथे स्कर्टची पट्टी घट्ट धरली. उजवा हात पालथा केला. आणि ओल्या फळ्यांवरून, पाय न उचलता, हळूहळू तारांच्या दिशेनं निघाले.